गजूसमोर जेवताना

वजन उतरवणं सोपं असतं, असं मी म्हटलं की माझ्या शिवणवर्गातल्या बाया कात्री खाली ठेवून हसतात. हसा बाप्पा! पण मी खरं तेच सांगते. वजन उतरवणं लग्नासारखं असतं. चार दिवस धामधूम, जो तो कौतुक करतो. उतरलेलं टिकवणं म्हणजे संसार. त्याचं कौतुक करायला कोणी येत नाही.

मी अमरावतीत राहते, घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज आणि ड्रेस शिवायला शिकवते. माझ्या पोटात आता एकच किडनी आहे. दुसरी अकोल्याला, माझ्या धाकट्या भावाकडे असते. ती तिकडे जावी म्हणून मला वजन उतरवावं लागलं, आणि उतरलेलं वजन धरून बसावं लागलं. तपासणीला गेले की हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात कोणी ना कोणी बाई भेटतेच. तिचाही नवरा नाहीतर पोरगा आत असतो, तिलाही डॉक्टरांनी वजनावरून परत पाठवलेलं असतं. "ताई, तुमी काय खाल्लं वं? वापस कसं नाही वाढलं?" आता उभ्या उभ्या काय सांगणार? वाढलं होतं वापस, हेच आधी सांगावं लागतं. म्हणून म्हटलं एकदा बसून लिहावं. डॉक्टरकी यात काही नाही, ती ज्याची त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारावी.

अंगावर आला!

माझा भाऊ गजानन, आम्हा सगळ्यांचा गजू. अकोल्यात त्याचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. आसपासच्या खेड्यांतल्या विहिरीवरच्या मोटारी जळल्या की त्याच्याकडे येतात. लहानपणापासून काटकुळा. माय म्हणायची, याला वाळत घातला तर दोरीवर दिसायचा नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला तो आमच्याकडे आला तेव्हा दारातच मी दोन्ही हातांनी त्याचे गाल धरले. "बाप्पा! अंगावर आला रे गजू यंदा! वर्षानं लय खाऊ घातलं वाट्टे." वर्षा म्हणजे त्याची बायको. ती नुसती हसली. मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी मी त्याच्या ताटात वाढायची थांबलेच नाही. तो म्हणत होता, "ताई, भूक नाही वं." मी म्हणत होते, "भूक नाही म्हणे! शहाना झाला मोठा. खाय मुकाट्यानं."

थोड्याच दिवसांत वर्षाचा फोन आला. "ताई, यायची चप्पल पायात जाऊन नाही राहिली." गजूचे पाय सुजले होते.

अकोल्याच्या डॉक्टरांसमोर आम्ही तिघं बसलो होतो. त्यांनी कागद उलटेपालटे केले आणि सांगितलं, दोन्ही किडन्या जवळपास निकामी झाल्या आहेत. बीपी किती दिवसांपासून वाढलेलं होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्षा पदर तोंडाला लावून बसली. गजू काय म्हणाला असेल? म्हणाला, "मंग दुकान कई उघडू?" मला आधी रडू आलं नाही, आधी राग आला. सुजेला मी बाळसं समजले होते. आमच्याकडे माणूस गोल दिसला की सुखात आहे असंच धरून चालतात.

त्याचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, अर्धा दिवस सुई लावून पडून राहायचं. आणि खाण्यावर अशी बंदी, की जेलातला माणूस बरा. मीठ नको, केळं नको, संत्रं नको, टमाटा नको, पालेभाजी उकळून पाणी फेकून मग खायची, ती खायची तरी कशाला! पाणीसुद्धा बाटलीत मोजून. खाण्याचा इतका शौकीन माणूस, पण कुरकूर नाही. ती कुरकूर मी केली, त्याच्या वाट्याची.

जुळलं, पण

आमचे माय-बाप दोघंही आता नाहीत. वर्षाचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला. मी देवापुढे साखर ठेवली आणि अमरावतीच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांसमोर ऐटीत जाऊन बसले, की बोला, कधी देऊ?

डॉक्टर म्हणाले, "किडनी जुळते. पण तुमची मी घेऊ शकत नाही."

माझी साखर काठावर होती, वजन किती होतं ते लिहीत नाही. "तुमची एक काढून घ्यायची आणि काही वर्षांनी तुम्हालाच या खाटेवर आणायचं, हे मी करणार नाही. पंधराएक किलो उतरवा. उतरवलेलं काही महिने टिकवूनही दाखवा. मग बोलू."

घरी आले आणि स्वयंपाकघरात तेलाच्या डब्याकडे पाहत उभी राहिले. पंधरा किलोचा डबा. तो आख्खा माझ्या अंगावर होता आणि तोच माझ्या भावाच्या आड आला होता.

आमचे हे शाळेत मास्तर. मी त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, "कर." एवढंच. त्या एका शब्दात काय काय होतं, ते मला फार उशिरा कळलं.

डाएटची एक पोरगी हॉस्पिटलातच बसायची, माझ्या निम्म्या वयाची. तिनं विचारलं, "काकू, दिवसभरात काय खाता?"

"काही नाही वं, साधंच. चून-भाकर."

"चुनावर वरून तेल घेता?"

"घेतो ना. मंग काय कोरडं गिळायचं?"

"किती घेता?"

"धार."

"धार म्हणजे किती चमचे?"

आता सांगा, धार कोणी मोजते? वऱ्हाडात घट्ट चून म्हणजे पिठलं असो, ठेचा असो, खिचडी असो, वरून कच्च्या तेलाची धार पडली नाही तर जेवण झालंसं वाटत नाही. त्या पोरीनं मला वाटीत धार धरायला लावली आणि मग चमच्यानं मोजून दाखवली.

मग लागले कामाला. मी जिद्दीची आहे, फटकळ आहे आणि माझा भाऊ मरत होता. या तीन गोष्टी असल्या की वजन उतरतं. अर्धी भाकर, वाटीभर उसळ, काकडी, ताक. सकाळी हे आणि मी छत्री तलावाच्या रस्त्यानं चालायला जायचो. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडीवर तळल्या जाणाऱ्या गिल्या वड्याचा वास सुटायचा, तेव्हा मी नाकाला पदर लावून जात असे. बाया विचारायच्या, मॅडम, नाली तुंबली का?

उतरलं बरं का वजन! माझे ब्लाउज ढगळ झाले. मी ते बाजूनं आत घेतले, पण आतलं जास्तीचं कापड काही कापलं नाही. पोरी म्हणायच्या, "मॅडम, कापून टाका ना, जाड लागते." मी म्हणायचे, "राहू द्या, काय सांगता येते." शिवणारणीची सवय आहे ती. गिऱ्हाईक आज बारीक असलं तरी उद्या जाड होतंच, असं आमचा धंदा शिकवतो.

डॉक्टर खूश झाले. तारखेचं बोलणं सुरू झालं. आणि गजूला ताप आला. डायलिसिसच्या नळीत जंतू शिरले होते. त्याला आठवडाभर भरती केलं आणि ऑपरेशन लांबलं. डॉक्टर मला म्हणाले, "त्याला पुरता बरा होऊ द्या. तोवर तुम्ही आहात तिथंच राहा."

आहात तिथंच राहा. ऐकताना किती सोपं वाटलं!

तू खाय, मी पायतो

दर रविवारी मी अकोल्याला जायला लागले. बडनेऱ्याहून गाडी पकडायची. मूर्तिजापूर गेलं की गजूचा फोन यायचाच, "कुठलोग आली?"

पहिल्या रविवारी वर्षानं माझ्यापुढे भाकर आणि दोडक्याची भाजी ठेवली. गजू पलंगावर उशीला टेकून बसला होता. त्याचं ते अळणी जेवण आधीच उरकलं होतं. त्यानं माझ्या ताटात डोकावून पाहिलं आणि वर्षाला म्हणाला, "हे काय वाढलं वं? ताई दोन तास बसून आली. भरीत कर तिच्यासाठी. वांगे आन, कांद्याची पात आन, सांबार आन." सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.

मी म्हटलं, "नको रे गजू, मले चालत नाही."

तो म्हणाला, "मले बी चालत नाही. तुले एक डाव चालते. तू खाय, मी पायतो."

त्यानं पलंगावरूनच भरीत करवलं. वांगं कसं भाजायचं, लसूण किती ठेचायचा, मिरची कोणती. शेवटी म्हणाला, "आता तेल सोड. सोड ना! आनखी." मी घास घेतला. तो पुढं सरकला. "कसं झालं? तिखट लागते का? लसूण दातात आला का?" मी सांगत होते आणि तो डोळे मिटून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर असं सुख आलं, जे त्याच्या आजारात मी पहिल्यांदाच पाहिलं. वर्षा कडेला उभी राहून रडत होती. तुम्हीच सांगा, त्या वेळी मी ताट सारलं असतं का? तुम्ही सारलं असतं?

पुढच्या रविवारी वडाभात, त्याच्या पुढच्या रविवारी पाटोडीचा रस्सा, तर्रीवाला. सोमवारपासून शनिवारपर्यंत मी नेमानं अर्ध्या भाकरीवर राहायचे. मनाशी म्हणायचे, आठवड्यातलं एक जेवण, त्यानं काय होते? पण ते एकच जेवण नसतं हो. निघताना वर्षा डबा द्यायची, तो गाडीत उघडला जायचा. सोमवारी सकाळी पोटात असा खड्डा पडायचा, की शिवायला बसले तरी सुईच्या नाकात मला रविवारचा रस्सा दिसायचा. मंगळवारी अर्ध्याची पाऊण भाकर व्हायची. आणि चालणं? दिवाळीच्या शिवणकामात चालणं कोणाला सुचतं?

वजनकाट्यावर मी उभीच राहत नव्हते. ब्लाउज दाटायला लागले, तेव्हा मी बाजूची शिवण थोडी उसवली. कापड होतंच आत.

तारीख गेली

बोलावणं आलं. गजू पुरता बरा होता, आता फक्त माझी शेवटची तपासणी राहिली होती. मी, हे आणि अकोल्याहून आलेली वर्षा, असे तिघं गेलो. काट्यावर उभी राहिले आणि नर्सनं आकडा मोठ्यानं वाचला. उतरवल्यापैकी निम्म्याहून जास्त परत आलं होतं. साखरही वर गेली होती.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "ही तारीख आपण दुसऱ्या पेशंटला देऊ." मग बाहेर पडताना त्या डाएटवाल्या पोरीनं माझा हात धरला. म्हणाली, "काकू, शरीराला जुनं वजन आठवत राहतं. ते परत मागतं, भूक वाढवून मागतं. सगळ्यांचं होतं असं. तुम्ही वाईट नाही." तिच्या त्या शेवटच्या वाक्यानं मी ढसाढसा रडले.

वऱ्हांड्यात वर्षा म्हणाली, "ताई, मीच रांधत होती न." मी म्हटलं, "अन् मीच गिळत होती." मग माझी नजर ह्यांच्याकडे गेली. ते खिडकीपाशी उभे होते. त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि त्यांचे खांदे खाली आले. परीक्षा पुढे ढकलल्यावर पोरांचे येतात ना, तसे. माझ्या टाळूला आग लागली.

"तुमाले बरं वाटून राहिलं ना?" मी लोकांसमोर ओरडले.

ते म्हणाले, "हो. वाटून राहिलं. तू त्या टेबलावर जाशील, याची मले लय भीती वाटते. तुले सांगितलं नाही, कारण गजू तुहा भाऊ हाय."

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं मला भीती वाटते असं कधी म्हटलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. भांडायचं होतं, पण भांडता आलं नाही.

गजूला सांगायला मीच गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे थे मीच खाल्लं. तुह्या तोंडानं."

"असं काहून बोलतो रे?"

"राहू दे ताई. मले नको तुही किडनी. चालून राहिलं हाय ते बरं हाय. तू येऊ बी नको आता रविवारची." आणि त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. चालून राहिलं होतं काय, ते मला दिसत होतं. डायलिसिसवरून आला की भिंत धरून घरात शिरायचा.

सांग

येऊ नको म्हटलं म्हणून न जाणारी मी नव्हे. पुढच्या रविवारी गेले, पण माझा डबा सोबत घेऊन. अर्धी भाकर, बिनधारेचं चून, काकडी. गजू भिंतीकडे तोंड करूनच पडला होता. मी खाली बसून मुकाट्यानं जेवले. काकडीचा आवाज तेवढा होत होता.

अर्धं जेवण झालं आणि भिंतीकडूनच प्रश्न आला. "ताई, भरतात माय आधी कांदा टाके का लसूण?"

"लसूण," मी म्हटलं.

"कांदा."

"लसूण रे! मी शेजारी बसून सोलत होती न."

तो वळला. "तू सोलत होती, पन मी जाळ घालत होतो. तुराट्या कोन मोडे? मीच. मले सारं दिसे."

मग आम्ही भांडलो. पोटभर भांडलो. बार्शीटाकळीच्या बाजूला आमचं गाव, गावाबाहेर वडलांचं वावर, तूर सोंगून झाली की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वाळक्या तुराट्यांचा ढीग. थंडीत संध्याकाळी माय तिथंच जाळ करायची. वांगी त्यात टाकली की फट्‌ फट्‌ आवाज यायचा. गजू काडीनं ती उलटायचा आणि हटकून एखादं फोडायचा. हात, तोंड सगळं काळं. बाप धुऱ्यावर बसून आमच्याकडे पाहून हसायचा. सांगता सांगता मला तो धूर नाकात आल्यासारखा वाटला. केवढे दिवस होते ते! तेव्हा वाटायचं, हे असंच राहणार, बाप त्या धुऱ्यावर असाच बसलेला राहणार.

"अन् भरीत झालं की माय वरून तेलाची धार धरे," मी म्हटलं.

गजू उठून बसला. "आपल्याले? कई?"

"कई म्हंजे? नेहमी."

"नाही ताई. धार मामाले. मामा आला की मामाच्या भरतावर धार. पावन्यासाठी असे थे. आपल्या दोघाईले तर भरतात बोटानं खळी करे अन् त्यात पळीतून थेंब सोडे. मले याद हाय, मी मामाच्या ताटाकडं पायत बसो."

खरं होतं ते. पाहुण्याचा मान होती धार. आमचं रोजचं जेवण म्हणजे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, आंबाडी, तुरीचं पातळ वरण, रात्री ज्वारीच्या कण्या आणि ताक. गव्हाचे रोडगे वर्षातून एकदा, देवाला. सरगुंडे, काडीवर वळलेल्या गव्हाच्या शेवया, फक्त आमरसाच्या दिवसांत. मी लग्न होऊन अमरावतीत आले, दोन पैसे हातात आले आणि रोज पाहुण्यासारखी जेवायला लागले. आणि एवढी वर्षं समजत होते, की मी माझ्या मायच्या हातचंच खाते!

त्या दिवसापासून आमचा रविवार बदलला. मी माझा डबा खायची आणि गजू म्हणायचा, "सांग." मी एखादं जेवण सांगायची, त्या दिवशीचं सगळं. रोडगे सांगितले तर गोवऱ्या कोणाकडून आणल्या, आरात, निखाऱ्यांत रोडगे पुरून वर राख कोणी लोटली, गजूनं कच्चाच रोडगा कसा पळवला आणि पोट दुखलं म्हणून रात्रभर कसा रडला, तिथपर्यंत. मी चुकले की तो दुरुस्त करायचा. वर्षा चूल-शेगडी सोडून ऐकायला बसायची. एकदा आम्ही सरगुंडे आणि आंब्याचा रस इतका रंगवून सांगितला, की बाहेर शेजारीण विचारायला आली, तुमच्याकडे आज काय केलं? घरात केलेलं काहीच नव्हतं. तिघं हसून हसून लोटपोट झालो.

मी घरी परतले की कण्या रांधायचे, आणि चढलेलं वजन हळूहळू पुन्हा उतरलं. डाएटच्या पोरीला सांगितलं तर ती म्हणाली, काकू, हे तर मी तुम्हाला कधीच सांगितलं नसतं, तुम्ही खाल्लंच नसतं. बरोबर होतं तिचं. तिनं सांगितलं असतं तर ते पथ्य झालं असतं, आता ते मायच्या घरचं जेवण होतं.

धरून बसणं

वऱ्हांड्यातल्या बायांसाठी हे थोडं लिहिते. टिकवायच्या दिवसांत मी काहीच कायमचं सोडलं नाही. तेलाची धारही घेतली, पण पोळ्याला, संक्रांतीला, कोणाच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले तेव्हा, म्हणजे सणाला आणि पाहुण्यांबरोबर, मायसारखी. खाल्ल्यानंतर दुसऱ्या दिवशी काट्यावर उभी राहिले, कितीही जिवावर आलं तरी. चढलेलं दोनतीन किलो असतानाच पकडलं तर हाती येतं, पुढे गेलं की ते ऐकत नाही. चालणं सुटू दिलं नाही. ह्यांनी सुटू दिलं नाही, खरं म्हणजे. मला भीती वाटते म्हणणारा माणूस रोज पहाटे माझी चप्पल दाराशी काढून ठेवायचा.

आणि आग्रह. आपल्या माणसांचा आग्रह! नणंदेच्या घरच्या लग्नात पंगतीत मी ताटावर हात धरला, तर वाढणारीनं माझ्या हातावरच बुंदी वाढली. तोंडानं नको म्हणणं आमच्याकडे लाजणं समजतात. मग मी सरळ सांगायला लागले, "मले भावाले किडनी द्यायची हाय, वाढू नका." बाया दचकून मागं व्हायच्या. थोडं खोचक होतं, पण लागू पडायचं.

एक दिवस वर्गात बसून मी सगळ्या ब्लाउजांच्या आतलं जास्तीचं कापड कापून टाकलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र परतीचा रस्ता बुजवल्यासारखं वाटलं.

झाली!

डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं, पुन्हा थांबवलं, पुन्हा पाहिलं. वजन हललं नव्हतं, साखर खाली आली होती. सरकारी कमिटीसमोर आम्हा बहीण-भावाला विचारलं, कोणी जबरदस्ती केली का? मी म्हटलं, "हो, मी केली, याच्यावर." साहेब हसले आणि सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू! हिरवा गाऊन घालून चाकाच्या खाटेवर आडवी झाले आणि वाटलं, उठून पळून जावं. ह्यांचा हात इतका थंड होता की मीच तो चोळत होते. गजूची खाट शेजारून गेली. तो म्हणाला, "ताई, अजून बी नाही म्हन." मी म्हटलं, "गप बे."

जाग आली तेव्हा कुशीत विळा फिरल्यासारखं दुखत होतं. खोकला आला की जीव जायचा, नर्सनं पोटाशी धरायला उशी दिली होती. डोळे नीट उघडतही नव्हते, तेवढ्यात वर्षा धावत आली, केस सुटलेले, पायात एकच चप्पल.

"झाली ताई, झाली!"

"काय झाली वं?"

"लघवी! यायले लघवी झाली! टेबलावरच!"

आख्खा वॉर्ड हसला. माझ्या पलीकडच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "साखर वाटा वं बाई." माझी किडनी त्याच्या पोटात चालू झाली होती. एवढ्या मोठ्या सुखाची बातमी मला आयुष्यात कोणी दिली नव्हती. हसल्यानं टाके ताणले, तरी हसले.

आता

याला बरेच दिवस झाले. माझं वजन तिथंच आहे, एखाददोन किलो इकडे तिकडे. रविवारी अजून अकोल्याला जाते. गजूनं दुकान उघडलं आहे. तो सगळं खातो.

सगळं म्हणजे सगळं. नवी किडनी टिकावी म्हणून ज्या गोळ्या असतात त्यांनी भूक खवळते, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. वरून दोन वर्षांचा उपाशी जीव. परवाच्या रविवारी तो माझ्यासमोर जेवत होता. दुसरी भाकर संपवून तिसरीला हात घातला, तेव्हा वर्षा हळूच म्हणाली, "ताई, वजन लय वाढून राहिलं यायचं. डॉक्टर बोलले. साखर बी आली."

गजू म्हणाला, "ताई, भूक लागते वं. तुले नाही समजत का? तू तर समज."

समजत होतं. माझ्याइतकं कोणाला समजणार? त्याला खाताना पाहून माझा जीव निवत होता, तेही खरं. पण मी त्याचं मनगट धरलं.

"गजू, माह्याकडं पाय. मी तुले द्याची होती ते दिली. आता माह्याकडं दुसरी नाही."

मोठ्यानं बोलले नाही. गजू हसणार होता, तोंडाशी काही तरी थट्टा आलीही होती, पण ती त्यानं गिळली. हातातली भाकर त्यानं टोपल्यात परत ठेवली. टोपलं वर्षाकडे सारलं. मग हात धुवून आला, माझ्यासमोर बसला, माझा हात उचलला आणि आपल्या पोटावर, उजव्या बाजूला खाली ठेवला.

"इथं हाय," तो म्हणाला. "दाबू नको, नुसता हात ठेव."

शर्टावरूनही ती माझ्या हाताला लागली.